अर्ध्यावर सुटलेले शिक्षण आणि बँकेचे देणे

आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या घरांतून पदवीदान समारंभाचे छायाचित्र दिवाणखान्यात मोठ्या कौतुकाने लावलेले असते. ज्या मुलाचे शिक्षण मध्येच थांबले, त्याच्या नावाने मात्र घरात कोणी बोलत नाही. पाहुणे आले की "तो सध्या घरीच आहे" एवढ्यावर विषय मिटतो. हे मौन मायेपोटी असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले असेल तर मौनाला व्याज पडते. या अंकात ट्रस्टच्या कार्याचा आढावा इतर लेखकांनी घेतलाच आहे. सभासदांच्या घरी उपयोगी पडेल अशी थोडी व्यावहारिक माहिती येथे देण्याचा विचार आहे.

गोवा मुक्त होण्यापूर्वी, म्हणजे १९६१ पर्यंत, कला किंवा विज्ञान शाखेच्या पदवीसाठी आपल्या मुलांना बेळगाव, पुणे वा मुंबई गाठावी लागे. खर्च कोणी मामा-काका उचलीत, कोणी ज्ञातिबांधवांचा निधी, तर कोणी सावकार. मुलगा परत आला तर देणे आपसांत समजुतीने फिटे किंवा बुडे. पुढे १९६२ मध्ये पणजी-मडगावात महाविद्यालये निघाली, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ झाले, आणि आता विर्नोडा व साखळी येथे सरकारी महाविद्यालये आपल्या दारात आहेत. अभियांत्रिकी, वैद्यकी, व्यवस्थापन यांचा खर्च मात्र दाराबाहेरच राहिला. त्यासाठी भारतीय बँक संघाने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आखली आणि रिझर्व्ह बँकेने ती बँकांकडे धाडली. आज बहुतेक बँकांची कर्जे थोड्याफार फरकाने त्याच साच्यातली आहेत. मामाचे देणे आणि बँकेचे देणे यांत फरक एवढाच की, मामा मुलाचा चेहरा पाहून समजून घेत असे. बँकेला कागद द्यावा लागतो.

घरात देणे दोन रूपांनी असते आणि लोक त्यांची गल्लत करतात, म्हणून ते आधी वेगळे करू. पहिले शैक्षणिक कर्ज. यात बँक दरवर्षी किंवा दर सत्राला महाविद्यालयाची फी परस्पर भरते. शिक्षण चालू असेतो आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र साध्या पद्धतीने चढत राहते. दुसरे ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलण्याची सोय. आपल्याकडे तो बहुधा वडिलांच्या किंवा आजोबांच्या मुदत ठेवीवर घेतलेला असतो. ठेव मोडायची नाही, तिच्यावर उचल करून फी भरायची. जेवढी उचल, जेवढे दिवस, तेवढेच व्याज. ते दररोजच्या बाकीवर काढून महिन्याला खात्यावर टाकतात. त्याचा दर ठेवीच्या दराहून थोडा अधिक असतो. सोय चांगली आहे, पण तिला हप्ता नसतो, आणि ज्याला हप्ता नाही ते देणे माणूस विसरतो. दरमहा व्याज चढून उचल मर्यादेला भिडते आणि एके दिवशी बँक ठेवीतूनच आपले पैसे वळते करून घेते. आजोबांची ठेव गेल्याचे आजोबांना पासबुक भरून आणल्यावर कळते.

आता मूळ प्रश्न. मुलाने दुसऱ्या वर्षानंतर महाविद्यालय सोडले तर काय होते? पुष्कळ पालकांची समजूत असते की बँक त्याच दिवशी सगळी रक्कम एकदम मागेल. काहींची समजूत नेमकी उलट, की कागदावर चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तेव्हा चार अधिक एक अशी पाच वर्षे बँक काही विचारणार नाही. दोन्ही खरे नव्हे. आदर्श योजनेत या प्रसंगासाठी स्पष्ट तरतूद आहे: विद्यार्थ्याने अभ्यासक्रम मध्येच सोडला तर बँकेने विद्यार्थी व पालक यांच्याशी विचारविनिमय करून परतफेडीचे योग्य वेळापत्रक ठरवावे. या एका वाक्यात पालकाच्या हाती मोठे बळ आहे, आणि बहुतेक घरांत ते वापरले जात नाही. कारण विचारविनिमयाला दोन पक्ष लागतात, आणि आपला पक्ष शाखेची पायरी चढायला लाजतो.

त्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. मुलाने शिक्षण खरोखर सोडले आहे काय? एखादे सत्र बुडाले, विषय राहिले, एटीकेटी लागली, आजारपणात वर्ष गेले, म्हणजे शिक्षण सोडले असे नव्हे. अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पुरा होत नसेल तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची सोय याच योजनेत आहे, आणि विद्यार्थ्याच्या हाताबाहेरची कारणे असतील तर मंजुरी देणारा अधिकारी आणखीही विचार करू शकतो. म्हणून रागाच्या भरात "आमच्या मुलाने सोडले" असे लिहून देऊ नये. मुलगा परत जाण्याची थोडीही शक्यता असेल तर मुदतवाढच मागावी.

सोडणे निश्चित झाले, तर आकड्यांकडे वळावे. समजा, चार लाखांचे कर्ज मंजूर झाले होते, दरवर्षी एक लाख याप्रमाणे. दोन वर्षे झाली, दोन लाख उचलले गेले. व्याज दहा टक्के, साधे. पहिल्या लाखावर दोन वर्षांचे २०,००० आणि दुसऱ्यावर एका वर्षाचे १०,०००. एकूण देणे २,३०,०००. आज बँकेत जाऊन हे देणे पाच वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता सुमारे ४,८९० रुपये पडेल. दहा वर्षांत म्हटले तर सुमारे ३,०४०. हप्ता हलका झाला तरी एकूण भरणा पाच वर्षांत सुमारे २,९३,००० आणि दहा वर्षांत सुमारे ३,६५,००० होतो. म्हणजे महिन्याच्या त्या हलकेपणासाठी सत्तर हजारांवर अधिक मोजायचे. तरीही मुलाची पहिली नोकरी बारा-पंधरा हजारांची असेल तर लांब मुदत घ्यावी असेच मी म्हणेन. पेलणारा हप्ता घेऊन, हाती चार पैसे जादा आले की मधूनच भरणा करावा. बदलत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि हे काहीच न करता एक वर्ष नुसते जाऊ दिले, तर त्याच दोन लाखांवर निदान वीस हजार रुपये आणखी चढतात.

शाखेत जाताना लेखी अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. अर्जात महाविद्यालय सोडल्याची तारीख व कारण, मुलाची सध्याची स्थिती आणि घर दरमहा किती भरू शकेल याचा प्रामाणिक आकडा लिहावा. मुद्दल किती, व्याज किती याचा वेगळा तपशील मागावा. मंजूर झालेली पण न उचललेली रक्कम, वरच्या उदाहरणातले दोन लाख, रद्द करण्यास सांगावे. मुलगा बेकार असेल तर तेही लिहावे, कारण बेकारीच्या किंवा अपुऱ्या मिळकतीच्या काळासाठी, कर्जाच्या एकूण मुदतीत दोन-तीन वेळा हप्त्यांना स्थगिती देण्याची मुभा योजनेत आहे. पगार वाढेल तसा हप्ता वाढत जाईल अशी मांडणीही मागता येते. शाखेतील अधिकाऱ्याला हे सारे तोंडपाठ असेलच असे नाही. आपल्याला ठाऊक असले म्हणजे विचारता येते.

व्याज अनुदानाविषयी येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सर्वांत मोठे नुकसान नकळत होते ते येथे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावरील, हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून ही योजना आहे. मात्र अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्यास, अथवा शिस्तभंग वा अभ्यासातील अपयश यांमुळे काढून टाकलेल्यास ती मिळत नाही. अपवाद एकच, आजारपण. तोही केव्हा, तर प्रकृतीच्या कारणाने शिक्षण सोडावे लागले याची कागदपत्रे संस्थेच्या प्रमुखांना समाधानकारक वाटतील अशी दिली असतील तेव्हा. मन खचल्यामुळे, झोप उडाल्यामुळे, वसतिगृहात आजारी पडल्यामुळे परतलेली मुले आपल्यात थोडी नाहीत. त्यांना आपण डॉक्टरांकडे नेतो, बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतही नेतो, पण त्याचा कागद महाविद्यालयात देत नाही. लोक काय म्हणतील, या भीतीने अर्जात "घरगुती कारणास्तव" असे लिहून मोकळे होतो. त्या दोन शब्दांनी अनुदानाचा मार्ग बंद होतो. कारण प्रकृतीचे असेल तर ते प्रकृतीचेच लिहावे, डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच वेळी जोडावे आणि प्राचार्यांचे पत्र हाती घेऊनच परतावे. तीन वर्षांनी असे पत्र मिळवणे फार कठीण जाते.

महाविद्यालयाकडून परत काय मिळते, हाही त्या वेळीच विचारण्याचा प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण फी परत, पंधरा दिवसांहून कमी आधी केल्यास नव्वद टक्के, त्या तारखेनंतरच्या पंधरा दिवसांत ऐंशी टक्के, पुढच्या पंधरा दिवसांत पन्नास टक्के, आणि तीस दिवस उलटल्यावर काही नाही. म्हणजे मुलाचे मन पहिल्याच महिन्यात उडाले असेल तर "दिवाळीपर्यंत बघू" म्हणण्याची किंमत सगळी फी असू शकते. मुलाला आठ दिवसांत घरी आणा असे मी म्हणत नाही. पण तारखा ठाऊक असाव्यात. परत आलेली फी घरखर्चात न घालता कर्जखात्यातच भरावी. आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका "पुढची फी भरा, मग देतो" म्हणून अडकवून ठेवण्याचा अधिकार याच अधिसूचनेप्रमाणे संस्थेला नाही.

शिवाय गेलेली दोन वर्षे अगदीच पाण्यात जातात असेही आता राहिलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतरच्या अभ्यासक्रमांतून एक वर्ष पुरे करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पदविका मिळू शकते. त्यासाठी ठरलेले श्रेयांक आणि थोडे प्रत्यक्ष कामाचे शिक्षण पुरे करावे लागते. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत पुन्हा वापरता येतात. सगळ्याच अभ्यासक्रमांना हे लागू नाही, म्हणून कार्यालयात विचारूनच निघावे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यावर पेडण्यातील काही मुलांना पदवीपेक्षा हाताशी आलेली नोकरी बरी वाटणे साहजिक आहे. तशा मुलाने रिकाम्या हाताने न निघता प्रमाणपत्र घेऊन निघावे, आणि पहिल्या पगारापासूनच हप्ता सुरू करावा.

पालकांची स्थिती अशी की, शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. "कर्ज मुलाच्या नावावर आहे, तो पाहील" हे कायद्याने खरे नाही. हप्ता चुकला तर नोंद दोघांच्याही नावे कर्जनोंद कंपन्यांकडे जाते. मग धाकटीच्या प्रवेशासाठी कर्ज मागायला गेलेल्या बापाला थोरल्याचे थकलेले हप्ते आडवे येतात. कर्ज साडेसात लाखांवर असेल तर बहुधा जमीन किंवा घर तारण असते. एक-चौदाचा उतारा बँकेच्या फायलीत गेलेला असतो. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नींची मालमत्ता सामायिक धरली जात असल्याने गहाणखतावर आईचीही संमती घेतलेली असते. तेव्हा निदान तिच्यापासून तरी हे लपवू नये. साडेसात लाखांच्या आतील पुष्कळ कर्जांना २०१५ पासून केंद्र सरकारच्या हमी निधीचे संरक्षण आहे, तारण लागत नाही. पण हमी बँकेला आहे, आपल्याला नव्हे. बुडीत रकमेचा पाऊण हिस्सा निधीने बँकेला दिला तरी कर्जदाराचे देणे कायम राहते. "सरकारने भरले म्हणे" ही बातमी चहाच्या टपरीवर ठीक आहे.

डिचोली तालुक्याला याचा अनुभव वेगळा सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकवर चाललेल्या घरांत मुलाची फी आणि ट्रकचा हप्ता एकाच वेळी अडले. ट्रक-यंत्रांच्या कर्जदारांसाठी राज्य सरकारने २०१४ मध्ये सवलतीची योजना आणली होती, हे आठवून आजही कोणी शैक्षणिक कर्जाच्या माफीची वाट पाहत बसतात. ती योजना खाणबंदीने बसलेल्या धंद्यासाठी होती. तिच्या आशेवर मुलाचे हप्ते थांबवू नयेत. गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज घेतले असेल तर व्याजाची चिंता नाही, पण मुद्दल आहेच आणि करारही वेगळा आहे. तेथे स्वतंत्र अर्ज द्यावा.

ओव्हरड्राफ्ट खऱ्या अर्थाने विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर चढतो तो विलायतेत. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे इंग्लंडात गेलेल्या गोमंतकीय कुटुंबांची मुले तेथील विद्यापीठांत शिकतात, आणि तेथील बँका विद्यार्थीखात्यावर काही मर्यादेपर्यंत बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देतात. ही सवलत विद्यार्थी असेपर्यंतची. शिक्षण मध्येच सुटले की बँक ते खाते साध्या खात्यात बदलू शकते, आणि साध्या खात्यावर अनेक मोठ्या बँकांचा ओव्हरड्राफ्टचा दर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. एप्रिल २०२० मध्ये तेथील नियामकाने किरकोळ दंड-शुल्के बंद करून एकच व्याजदर लावण्यास सांगितल्यावर दर या पातळीला गेले. दीड हजार पौंडांची उचल असेल तर वर्षाला सुमारे सहाशे पौंड नुसते व्याज. म्हणून तेथील मुलाने बँकेला स्वतः कळवून उचल कमी करण्यासाठी महिनावारी योजना मागावी. अडचणीतील खातेदाराला साहाय्य करणे हे तेथील बँकांचे नियमाने ठरलेले कर्तव्य आहे. नवीन पगार शक्यतो दुसऱ्या बँकेच्या खात्यात घ्यावा, नाहीतर आलेला पगार उचलीतच जिरतो आणि भाड्याला पैसे उरत नाहीत. सरकारी विद्यार्थी कर्ज हे याहून वेगळे प्रकरण. ते मिळकत ठरावीक मर्यादेवर गेल्यावरच कापले जाते, त्याची घाई नाही. आधी ओव्हरड्राफ्ट फेडावा. आणि मुलगा गोव्यात परत आला म्हणजे तिकडचे देणे संपले असे नाही; इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे आपल्या दिवाणी कायद्याखाली येथेही बजावता येतात.

ज्यांच्या घरी आधीच उशीर झाला आहे त्यांच्यासाठी थोडे. हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते; ओव्हरड्राफ्टमध्ये नव्वद दिवस काहीच भरणा झाला नाही तरी तेच. त्यापूर्वी दोन-चार हजार भरून, अर्ज देऊन बोलणे सुरू केले तर पुष्कळ सुटते. वसुली करणाऱ्याने सकाळी ८ पूर्वी वा संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धाकदपटशा करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. थकबाकीवर दंड आकारला तरी २०२४ पासून त्या दंडावर व्याज लावता येत नाही. बँकेने तक्रारीचे उत्तर तीस दिवसांत दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. "थोडे भरा, बाकी सोडतो" अशी तडजोड बँकेने देऊ केली तर मोह होतो. पण कर्जनोंदीत ते खाते पूर्ण फेडले असे न दिसता तडजोडीने मिटवले असे दिसत राहते, आणि पंचविशीच्या मुलाला पुढे घरासाठी कर्ज काढताना ते नडते. दुसरा उपायच उरला नसेल तरच तो मार्ग घ्यावा, आणि अटी लेखी घ्याव्यात.

शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून देणे नसल्याचा दाखला मागून घ्यावा आणि दीड-दोन महिन्यांनी कर्जनोंदीत खाते बंद दिसते की नाही ते पाहावे. तारण दिलेले असेल तर मूळ कागदपत्रे तीस दिवसांच्या आत परत करण्याचे बंधन डिसेंबर २०२३ पासून बँकांवर आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. ती कागदपत्रे आणण्यास मुलालाच पाठवावे, सही त्याच्याच हातून व्हावी, आणि गहाणाचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरवण्याचा अर्जही त्याच खेपेस द्यावा.